रचलेली गोष्ट खोटी असते काय?

आमच्या भागातील एका मंडळीत मध्यंतरी एक प्रसंग घडला, तोच आजच्या धड्याचे निमित्त होय. तेथील तरुण शिक्षकाने रविवारच्या सायंकाळच्या सभेत नेहमीप्रमाणे उपदेश न करता बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' या पुस्तकाची कथा आपल्या शब्दांत सांगितली. यमुना नावाची तरुण स्त्री, तिचा पती विनायक, त्या उभयतांचा प्रवास, वाटेत भेटलेल्या विधवांच्या हकिगती, आणि पुढे खुद्द यमुनेवरच ओढवलेले वैधव्य, हे सर्व त्याने इतक्या मनापासून सांगितले की मागे बसलेल्या पुष्कळ स्त्रियांनी डोळ्यांस पदर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मंडळीचे एक वृद्ध वडील शिक्षकाच्या दारी आले व म्हणाले, "मास्तर, ही यमुना कोणत्या गावची?" शिक्षकाने प्रांजळपणे सांगितले की अशी बाई कोणी झाली नाही, ग्रंथकर्त्याने ती आपल्या कल्पनेने रचली. हे ऐकताच वृद्ध गृहस्थ संतापले. "म्हणजे जी बाई जन्मलीच नाही तिच्यासाठी काल आमच्या लेकीसुना रडल्या! आणि देवाच्या घरात उभे राहून तुम्ही आम्हांस खोटे सांगितले!"

प्रकरण माझ्याकडे आले. मी दोघांस बसवून घेतले. वडिलांनी शास्त्राचा आधारही आणला होता. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात मनुष्याच्या अंतःकरणातील कल्पना दुष्ट म्हटल्या आहेत, मग त्या कल्पनेने रचलेले पुस्तक चांगले कसे असेल, हा त्यांचा प्रश्न. त्यांचा राग पोकळ आहे असे मला तेव्हा वाटले नाही व आजही वाटत नाही. तरुणपणी एका देवऋष्याने सांगितलेली गोष्ट खरी मानून या मनुष्याने आजारी मुलास दवाखान्यात नेण्याचे तीन दिवस लांबविले होते. ते मूल वाचले नाही. ज्याने रचलेल्या गोष्टीची एवढी किंमत भरली, तो प्रत्येक गोष्टीला गावाचे नाव व साक्षीदार विचारणारच.

म्हणून या प्रश्नाचा नीट विचार करू. जे घडले नाही ते सांगणे म्हणजेच खोटे बोलणे काय?

दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायाकडे वळा. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली व त्यास लढाईच्या तोंडी देऊन मारविले. देवाने नाथान संदेष्ट्यास त्याच्याकडे पाठविले. आता ध्यानात घ्या की राजास ठाऊक नाही अशी एकही गोष्ट नाथानापाशी नव्हती. काय झाले, कोणी केले, पत्र कोणी लिहिले, हे सर्व राजास नाथानापेक्षा अधिक चांगले ठाऊक होते. त्या गोष्टींची यादी पुनः वाचून दाखविल्याने काय होणार होते? राजाने कारणे दिली असती, किंवा संदेष्ट्यास बाहेर घालविले असते. नाथानाने यादी वाचली नाही. त्याने एक श्रीमंत मनुष्य व एक गरीब मनुष्य उभा केला. गरिबाची एकच लहानशी मेंढी. ती त्याच्या लेकरांबरोबर वाढलेली, त्याच्या ताटातले खाणारी, त्याच्या उराशी निजणारी. श्रीमंताकडे पाहुणा आला तेव्हा त्याने आपल्या कळपास हात न लावता ती मेंढी घेतली. ऐकणारा राजा लहानपणी स्वतः मेंढरे राखीत होता, हे नाथान विसरला नव्हता. राजा खवळला व त्याने त्या मनुष्यास मरणाची शिक्षा योग्य ठरविली. तेव्हा कोठे नाथानाने बोट दाखविले.

तो गरीब मनुष्य कोणत्या गावचा? कोणत्याच नाही. ती मेंढी कधी जन्मली नाही. परंतु खऱ्या गोष्टी जे करू शकल्या नव्हत्या ते त्या न जन्मलेल्या मेंढीने केले. दावीदास माहितीची उणीव नव्हती. उरीयाच्या जागी उभे राहून स्वतःकडे पाहणे एवढेच त्यास जमले नव्हते, आणि नाथानाच्या कल्पनेने त्यास तेथे नेऊन उभे केले. लबाडी ऐकणाऱ्यापासून सत्य दडवून ठेवते. ऐकणाऱ्याने चुकावे हाच तिचा हेतू असतो. नाथानाच्या गोष्टीने जे दडले होते ते उघडे केले. दोन्ही 'न घडलेल्या' आहेत म्हणून एकाच दावणीस बांधणे हा न्याय नव्हे.

आपल्या प्रभूने दाखल्यांच्या रूपाने शिकविले हे आपण जाणतो. पण दाखल्यांशी वागण्याची आपली रीत मात्र मला कधीच पटली नाही. मी शिकत असताना आम्हांस सांगण्यात येई की दाखल्यातील अर्थ काढून घ्यावा व बाकीचे सोडून द्यावे, जसे भुईमुगाचे दाणे घेऊन टरफल टाकतात. पुष्कळ वर्षे मीही तसेच शिकविले. 'शेजाऱ्यावर प्रीती करावी' एवढा अर्थ काढला की चांगल्या शोमरोन्याची गोष्ट संपली! परंतु लूकाच्या दहाव्या अध्यायात शास्त्र्याला हा अर्थ आरंभीच ठाऊक आहे. त्याने तो स्वतःच्या तोंडाने सांगितला आहे. मग गोष्ट कशासाठी? त्या शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्यास आपल्या जनावरावर बसविले म्हणजे स्वतः पायी चालला, उतारशाळेत रात्रभर शुश्रूषा केली, सकाळी दोन नाणी दिली, अधिक खर्च झाला तर परत येताना देईन असे म्हटले. हे टरफल नव्हे. दया म्हणजे काय याचे उत्तर याच बारीकसारीक गोष्टींत आहे. त्या गाळल्या तर उरते ते शास्त्र्याला पूर्वीच पाठ होते.

याचा अर्थ मला पुस्तकांनी शिकविला नाही. एका विधवेने शिकविला, आणि तो सांगताना मला अजूनही लाज वाटते.

पाळकपणाच्या माझ्या पहिल्या वर्षांत आमच्या एका वस्तीवरील तरुण गृहस्थ आषाढात वारला. मागे पत्नी, चार वर्षांची मुलगी व कडेवरचे तान्हे मूल. मंडळीने आपल्या परीने मदत केली; घरोघरून जोंधळा गोळा करून एक पोते तिच्या घरी नेऊन टाकले. मी तीन वेळा भेटीस गेलो. स्तोत्र वाचले, प्रार्थना केली, धीर धरण्यास सांगितले. ती उंबऱ्याशी बसून ऐकत असे व निघताना हात जोडत असे. मला वाटले, आपले कर्तव्य झाले. घरी येऊन मी हे सर्व पत्नीस सांगितले. तिने एकच प्रश्न विचारला, "तिचे दळण कोण आणते?"

मला उत्तर देता आले नाही. गिरणी ओढ्यापलीकडच्या गावी, आणि ओढा पावसाने भरून वाहत होता. तान्हे मूल कडेवर घेऊन व डोक्यावर दळण घेऊन तो ओढा कोण उतरणार? मूल ठेवावे तर कोणाजवळ? दिराच्या घराशी बोलणे बंद होते. माझी पत्नी दुसऱ्या दिवशी तेथे गेली तेव्हा पोते कोपऱ्यात जवळजवळ तसेच होते. ती बाई जोंधळे शिजवून घुगऱ्या करून मुलीस घालीत होती व स्वतःही त्याच खात होती. बारा दिवस त्या घरात भाकरी झाली नव्हती. मी तीन वेळा त्या पोत्याजवळ बसून प्रार्थना केली होती.

माझ्या ठिकाणी प्रीती नव्हती असे मी म्हणणार नाही. होती, पण आंधळी होती. माझ्या पत्नीने त्या घरात पाऊलही न टाकता, आपल्याच चुलीपुढे बसून, त्या दुसऱ्या चुलीपुढे स्वतःला बसवून पाहिले. धान्य आहे, मग पुढे काय? पीठ. पीठ कोठून? इतका साधा विचार. यालाच मी कल्पनाशक्ती म्हणतो. कवींना व ग्रंथकारांना देवाने दिलेली ती काही वेगळी, आपल्या आवाक्याबाहेरची देणगी आहे अशी समजूत पुष्कळांची असते. ती चूक आहे. आपल्यासारखीच शेजाऱ्यावर प्रीती कर अशी आज्ञा आहे, आणि 'आपल्यासारखीच' हा शब्द कल्पनेवाचून पाळताच येत नाही.

सुताराकडे पाहा. लाकडी नांगर सर्वत्र होते त्या काळी सुतार बाभळीच्या वाकड्या खोडापुढे उभा राही, आणि इतरांना जेथे सरपण दिसे तेथे त्याला नांगर दिसे. खोडाचा नैसर्गिक बाक कोणत्या कामी येईल हे तो कुऱ्हाड उचलण्यापूर्वीच मनात पाहून ठेवी. घरातील वृद्ध बाई जुन्या लुगड्यांच्या चिंध्या पसरून बसते तेव्हा तिला गोधडी आधी दिसते, टाके मागाहून पडतात. ज्याने सर्व निर्माण केले त्याच्या प्रतिरूपाचे आपण आहोत असे आपण मानतो. तर मग काही घडविण्याची ही बुद्धी आपल्या हातांत असावी यात आश्चर्य ते काय?

आता पुस्तकांकडे येऊ. जॉन बन्यन हा भांडी दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा व स्वतः तोच धंदा करणारा इंग्रज. परवानगीवाचून उपदेश केल्याबद्दल त्यास १६६० साली धरले व १६७२ पर्यंत बेडफर्डच्या तुरुंगात ठेवले. नाशनगराहून निघालेल्या ख्रिस्ती नावाच्या यात्रेकरूची त्याची गोष्ट १६७८ मध्ये छापली गेली. आमच्या वडिलांचा आक्षेप त्यासही ऐकावा लागला होता. पुस्तकाच्या आरंभी तो स्वतःच सांगतो की हस्तलिखित दाखविले तेव्हा काही मित्र छाप म्हणाले व काही छापू नको म्हणाले. त्याने छापले, आणि पवित्र शास्त्रातही रूपके व दाखले आहेत हे दाखवून आपली बाजू मांडली. मराठीत ते हरि केशवजी यांनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' या नावाने आणले. निराशेच्या दलदलीत रुतणारा, पाठीवर ओझे असलेला तो मनुष्य कधी झाला नाही. पण ते ओझे आपल्या पाठीवर ओळखणारी माणसे कितीतरी झाली.

'यमुनापर्यटन' मात्र कोणत्याही परभाषेतून आलेले नाही. बाबा पदमनजी यांचा जन्म बेळगाव येथे १८३१ साली झाला; १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८५७ मध्ये, वयाच्या तिशीच्या आतच, हे पुस्तक प्रसिद्ध केले. मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या प्रयत्नांस यश येऊन विधवाविवाहाचा कायदा मंजूर झाला होता. म्हणजे कायद्याने दार उघडले होते. पण त्या दारातून जाणार कोण, आणि जाऊ देणार कोण? कायदा झाल्यावर सदतीस वर्षांनी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हाही त्यांच्या मुरुड गावाने त्यांस बहिष्कृत केले. कायदा हातास बांधतो. विधवेकडे पाहून अपशकुन झाला म्हणणारे डोळे त्यास बदलता येत नाहीत. पदमनजींनी हात घातला तो त्या डोळ्यांस. त्यांनी विधवांच्या स्थितीवर निबंध लिहिला असता तर तोही योग्यच झाला असता. पण त्यांनी एक मुलगी रचली, तिला प्रवासास पाठविले, आणि वाचकालाही तिच्याबरोबर पाठविले, म्हणजे मग ज्या घरांच्या ओसरीपलीकडे परक्याला कोणी येऊ देत नव्हते त्या घरांत वाचकाचा प्रवेश झाला.

पुस्तकात दोष नाहीत असे नाही. पात्रे आपसांत बोलता बोलता एकदम लांबलचक वादविवाद व उपदेश करू लागतात, आणि तेथे गोष्ट थांबते. आपणा उपदेशकांची ही जुनी खोड पदमनजींनाही सुटली नाही. जेथे एखादी विधवा आपली हकिगत सांगते तेथे पुस्तक जिवंत आहे. जेथे मतांची चर्चा आहे तेथे वाचक पाने उलटतो. आमच्या तरुण शिक्षकाने ती चर्चा गाळली, हे त्याने शहाणपण केले.

पुढे १८९० साली हरि नारायण आपटे यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले व त्यात 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः दिली. तिची नायिकाही यमुनाच. येथे कथा सांगणारी ती स्वतःच आहे: बालपण, सासर, पतीचा मृत्यू, तिच्या केसांवर फिरविलेला वस्तरा, हे सर्व ती आपल्या मुखाने सांगते. लिहिणारा पुरुष. ज्या मनुष्यास परकर नेसून सासरी जावे लागले नाही, ज्याच्या डोक्यावर तो वस्तरा कधी फिरला नाही, त्याने घरातल्या मुलीच्या आवाजात 'मी' म्हणून इतके मोठे पुस्तक लिहिले, आणि वाचक आपल्याच बहिणीचे बोलणे ऐकावे तसे ते ऐकत गेले. आपटे ख्रिस्ती नव्हते, हे सांगण्याचे कारण एवढेच की परक्याच्या दुःखात शिरण्याचा मक्ता कोणा एका समाजाकडे नाही. आपणांपैकी कितीजण आपल्या घरातील सुनेचा एक दिवस तिच्या जागी उभे राहून सांगू शकतील? मला ते जमेल असे मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

आता वडिलांनी आणलेल्या शास्त्राधाराकडे. उत्पत्तीच्या त्या वचनात निंदा आहे ती मनात शिजणाऱ्या दुष्ट बेतांची. पण त्यात आपणांस इशारा आहे हे मान्य केले पाहिजे. जी शक्ती दुसऱ्याच्या चुलीपुढे नेऊन बसविते, तीच शक्ती दुसऱ्याविषयी वाटेल ते रचूही शकते. विहिरीवर दोन बाया हळू बोलताना दिसल्या की तिसरी घरी पोहोचेपर्यंत मनात एक अख्खी कथा तयार करते, आणि तिसऱ्या प्रहरी ती कथा वस्तीभर फिरते. १८९६-९७ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा इस्पितळात नेलेल्या रोग्यांना मारून त्यांची मोमियाई काढतात अशी अफवा पसरली, आणि लोक आजारी माणसास घरात लपवू लागले. तीही कल्पनाच, देवऋष्याने आमच्या वडिलांस सांगितली तीही कल्पनाच. फरक कोठे आहे? या गोष्टी 'खरे घडले' असे म्हणून सांगितल्या गेल्या, आणि शेजाऱ्याला आपल्यापासून दूर लोटण्यासाठी त्यांचा उपयोग झाला. नाथानाने राजास निकाल देऊ दिला व मग गोष्टीवरचा पडदा काढला. पदमनजींचा वाचक यमुनेस शोधण्यास कोणत्या गावी जात नाही. येथे आमच्या शिक्षकाची एक चूक झाली, ती मी त्यास सांगितली: ही गोष्ट रचलेली आहे असे त्याने आरंभीच म्हणावयास हवे होते. खेड्यातील श्रोता उपदेशपीठावरून ऐकलेले सर्व घडलेलेच समजतो, आणि त्याच्या त्या विश्वासाचा मान राखला पाहिजे. गोष्ट रचलेली आहे असे सांगितल्याने तिची शक्ती कमी होईल ही भीती व्यर्थ आहे.

वडिलांचे पूर्ण समाधान झाले असे मी लिहिणार नाही. नाथानाची गोष्ट त्यांनी मान्य केली, पण नाथान संदेष्टा होता, मास्तर संदेष्टे नव्हेत, असे ते म्हणाले. आणि याला माझ्याकडे उत्तर नव्हते. उठताना मात्र ते दाराशी थांबले व शिक्षकास विचारते झाले, "पण त्या पोरीचे पुढे काय झाले?" यमुना पुढे ख्रिस्ती झाली व तिचा पुनर्विवाह झाला, असे शिक्षकाने सांगितले. वडील काही न बोलता गेले. त्यांच्या घरी एक विधवा सून आहे, हे मला नंतर कळले.

ज्या उपदेशकांना व शिक्षकांना हा धडा मंडळीत घ्यावयाचा असेल त्यांनी पुढीलप्रमाणे करून पाहावे. दुसरे शमुवेल, अध्याय बारा, पहिली सात वचने मोठ्याने वाचावी; स्पष्टीकरण करू नये. मग वर्गातील प्रत्येकास विचारावे की नाथान आपल्या गावात आला असता तर त्याने मेंढीऐवजी काय घेतले असते. कोणी बैल म्हणेल, कोणी विहिरीचे पाणी, कोणी बांध. एका स्त्रीने आमच्या वर्गात सांगितले, "शिवणाचे यंत्र," आणि तिने अशी गोष्ट रचली की बराच वेळ कोणी बोलले नाही. उत्तरे सुधारू नयेत. त्यानंतर ज्याच्या घरी गेल्या महिन्यात आजार किंवा मृत्यू झाला आहे अशा एका घराचे नाव मनातच घ्यावे, वर्गात उच्चारू नये, आणि त्या घरातील सकाळ, पहिल्या चुलीपासून दुपारच्या भाकरीपर्यंत, प्रत्येकाने मनात चालून पाहावी. कोठे अडले तर त्या घरी जाऊन विचारावे.